रो-रोने मांडव्याला जाताय? आतून बोट नीट बघा

समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर तुडवून नागपूरहून मुंबईला गाडी नेतच आहात ना, मग भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो, म्हणजे गाडीसकट नेणारी बोट, पकडाच, साधारण तासाभराचा प्रवास आहे अन् आपल्या पोट्ट्यांना अंबाझरी तलावातल्या पायडल बोटीपलीकडचं खरं जहाज आतून बघायला भेटते. खाली गाड्यांचा डेक, वर बसायची जागा. हँडब्रेक घट्ट ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, अन् पाणी, टोपी, उलटीची गोळी आधीच पिशवीत घ्या कारण बोट सुटल्यावर खाली गाडीकडे सहसा जाऊ देत नाहीत. जिन्याच्या दाराचा फोटो काढा, उतरताना सगळी दारं सारखीच वाटतात. लाइफ जॅकेट कुठे आहेत ते पोरांनाच शोधायला लावा. मळमळलं तर बोटीच्या मधोमध बसून दूर क्षितिजाकडे बघत राहायचं, मोबाईल अजिबात नाही.