व्हिस्पर बीकन बनवताय? आधी फिल्टर, मग अँटेना

हॅम रेडिओत एफटी८ या डिजिटल संदेशपद्धतीवर गर्दी आहे, ती असू द्या. आपली अँटेना खरोखर कुठवर पोचते हे पाहायचं असेल, तर माझं मत डब्ल्यूएसपीआरला, म्हणजे बोलीभाषेतल्या व्हिस्परला. यात बीकन, म्हणजे आपोआप सिग्नल सोडणारा छोटा ट्रान्समीटर, अगदी कमी पॉवरवर प्रसारण करतो आणि जगभरची स्टेशनं ते ऐकून इंटरनेटवर रिपोर्ट देतात. जो टेलर यांनी, म्हणजे १९९३च्या भौतिकशास्त्र नोबेलच्या मानकऱ्यांनी, २००८मध्ये हा मोड आणला. कॉलसाइन (स्टेशनचं परवान्यावरचं नाव), चार अक्षरी लोकेटर (नकाशावरच्या चौकोनाचा कोड) आणि पॉवर एवढंच ५० बिटांत जातं आणि त्याला जवळपास १११ सेकंद लागतात. प्रसारणाला परवाना हवाच. नसेल तर नुसतं ऐकून रिपोर्ट चढवा, तेही कामाचं आहे.

साहित्य थोडकं: ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर, फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या एसआय५३५१ चिपचं बोर्ड, जीपीएस मॉड्यूल आणि पॉवर वाढवायला एक बीएस१७० ट्रान्झिस्टर. त्यावर ५ व्होल्टला साधारण २०० मिलीवॉट मिळतात, म्हणजे व्हिस्परमध्ये पॉवर सांगायच्या डीबीएम एककात २३. याहून जास्त कशाला हवं?

आता खरं काम. एसआय५३५१ चौकोनी लहर देतो, म्हणजे १४ मेगाहर्ट्झसोबत ४२वरही बरंच काही बाहेर पडतं. वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर नसताना अँटेना जोडायचीच नाही. २० मीटरसाठी (म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी) टी३७-६ टोरॉइडच्या, म्हणजे चुंबकीय रिंगांच्या, तीन कॉइल: १६, १७ आणि १६ वेढे. दोन्ही टोकांना १८० पिकोफॅरड, मध्ये दोन ३९०चे कपॅसिटर. वेढे मोजताना तार रिंगच्या आतून किती वेळा गेली ते मोजा. नॅनोव्हीएनए (फिल्टर, अँटेना तपासायचं छोटं मोजयंत्र) असेल तर १४ला जवळजवळ सपाट आणि ४२ला खोल दरी दिसली पाहिजे. तोवर अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे पॉवर जिरवणारा रोधकच बरा.

मग फ्रिक्वेन्सी. सगळ्यांना मिळून १४.०९७० ते १४.०९७२ एवढीच २०० हर्ट्झची पट्टी आहे. क्रिस्टल १० पीपीएमनं (दशलक्षात १० भागांनी) चुकला की १४० हर्ट्झनं सरकलात, बहुधा पट्टीबाहेर. म्हणून जीपीएसच्या सेकंदाच्या पल्सवर कॅलिब्रेट करा. प्रसारण चालू असताना फ्रिक्वेन्सी काही हर्ट्झ वाहत गेली तरी डीकोड बिघडतो. बोर्ड झाकणाच्या डबीत ठेवा, पंख्याच्या वाऱ्यात नको.

वेळ: यूटीसीच्या सम मिनिटानंतर एका सेकंदानं सुरुवात. दोन-दोन मिनिटांच्या पाच स्लॉटांतला एकच वापरा, बाकीचे इतरांना सोडा.

अँटेनाला साधा डायपोल पुरे, प्रत्येक हात ५ मीटर ७ सेंटिमीटर. कापताना थोडा लांबच कापा, छाटता येतो.

रिपोर्ट आले की सगळ्यात लांबचं अंतर पाहून हुरळतात सगळेच. मी त्याला फार किंमत देत नाही. दोन अँटेना ताडून पाहायच्या असतील, तर पॉवर तीच ठेवून लागोपाठच्या प्रसारणांत अदलाबदल करा आणि दोन्ही वेळी ऐकलेल्या त्याच स्टेशनांचे सिग्नल-टू-नॉइज (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) आकडे शेजारीशेजारी मांडा. आज एक आणि उद्या दुसरी असं केलंत, तर मोजाल ते आयनोस्फिअर, म्हणजे लहरी परतवणारा वातावरणाचा रोज बदलणारा थर, अँटेना नव्हे.