पणजी–बेळगाव करणाऱ्या वेगवान इलेक्ट्रिक सेडानचा हिशेब

बीवायडी सील परफॉर्मन्ससारख्या गाडीची कागदावरची रेंज ५८० किमी आहे. नियोजन मात्र तिच्यावर करू नका, युनिटवर करा. बॅटरी ८२.५६ युनिटांची. डॅशबोर्डवर १०० किमीला सरासरी २० युनिट दिसत असतील, तर पूर्ण चार्जवर सुमारे ४१० किमी मिळतात. जोरात पळवाल तर आणखी कमी.

चोर्ला घाटाने बेळगावला जाताना चढणीचे वेगळे धरा. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. माणसांसह सव्वादोन टनांहून जड गाडी तिथवर नेण्यात निव्वळ उंचीपायी साधारण ५ युनिट जातात. उतरताना रीजनरेशनमुळे, म्हणजे वेग आवरताना मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते त्यामुळे, त्यातले बरेचसे परत येतात, म्हणून जाताना राखीव ठेवा, येताना निर्धास्त या. वाटेत फास्ट चार्जरवर ८० टक्के झाले की निघा; त्यापुढे वेग मंदावतो आणि वेळ फुकट जातो.

खरी बचत घरच्या चार्जिंगमध्येच आहे. ७ किलोवॉटच्या चार्जरला रिकामी बॅटरी भरायला साधारण १२-१३ तास लागतात आणि वाया जाणारे धरून मीटरवर ९० युनिटांच्या आसपास पडतात. त्याला आपल्या बिलातल्या दराने गुणा. चार्जर बसवण्याआधी वीज खात्याकडून मंजूर भार (घराला एका वेळी ओढता येणारी कमाल वीज) तपासून घ्याच, जुन्या घरांत तो बहुधा अपुरा असतो.

खर्चात टायर विसरू नका. एवढे वजन आणि एवढा टॉर्क (चाकांना फिरवणारा जोर) टायर भराभर झिजवतो, आणि गोव्याच्या पावसात झिजलेला टायर मला अजिबात चालत नाही.