अमेरिकेत कमरेला उघडी गन असताना पोलिसाने थांबवलं तर काय करायचं

टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून हँडगन बाळगायला लायसन्स लागत नाही, होल्स्टरमध्ये (गनच्या म्यानात) कमरेला उघडी दिसली तरी चालते, आणि तेव्हापासून डॅलस ह्यूस्टनकडच्या आपल्या लोकांत हा विषय सारखा निघतो की मग आपणही लावायची का, आणि लावली अन् पोलिसाने हटकलं तर बोलायचं काय. आपल्याकडे भारतात शस्त्र परवाना मिळाला तरी निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, त्यामुळे इथे हा घटनेतला हक्क आहे हे कळल्यावर काही जणांना वाटतं की आता कोणी आपल्याला काही विचारूच शकत नाही. तसं अजिबात नाहीये, आणि या गैरसमजातून जीव जाऊ शकतो, म्हणून नीट सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी स्वतःचं व्हिसाचं स्टेटस बघा. एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू हे सगळे नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे, व्हिसा आहेत आणि फेडरल कायद्याने अशा व्हिसावर असलेल्या माणसाला गन किंवा काडतूस नुसतं जवळ बाळगायलाही बंदी आहे, राज्याचा कायदा कितीही मोकळा असला तरी. शिक्षा 15 वर्षांपर्यंत. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर अपवाद आहे पण त्याच्या भरवशावर वकिलाला न विचारता काहीही करू नका. ऑफिसची टीम मजा म्हणून शूटिंग रेंजवर जाते ना, तिथे भाड्याची गन हातात घेणं हेसुद्धा पझेशनच, म्हणजे जवळ बाळगणंच, आहे, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. 2019 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिलेला रेहेफ खटला फ्लोरिडातल्या रेंजवर गेलेल्या अशाच एका परदेशी विद्यार्थ्याचा होता, कॉलेजने काढून टाकल्यामुळे त्याचं स्टेटस संपलेलं होतं. ग्रीन कार्डवाल्यांना आणि सिटिझनना गन घेता येते, मात्र घरात एच-फोरवर बायको किंवा बी-टूवर आलेले आईबाबा असतील तर तिजोरीचा कोड त्यांना देऊ नका, त्यांच्या हाताशी गन असणं त्यांच्या अंगाशी येऊ शकतं.

दुसरं म्हणजे राज्य. एका राज्यात चालतं ते पलीकडच्या राज्यात गुन्हा असतो. इलिनॉय, न्यू यॉर्क, न्यू जर्सी इथे उघडी हँडगन लावून फिरता येत नाही, म्हणजे टेक्ससमधून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मावशीकडे जाताना गाडीत तशीच ठेवून निघालात तर वाटेत कुठेतरी कायदा मोडणारच. 2022 च्या ब्रुएन निकालात सुप्रीम कोर्टाने घराबाहेर गन बाळगायचा हक्क मान्य केला, पण ती उघडी का झाकलेली, लायसन्स लागेल का नाही, हे अजूनही राज्याराज्यात वेगळं आहे. प्रवासाआधी त्या त्या राज्याचा कायदा वाचायचा, मित्राने सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

जिथे चालतं तिथेही सगळीकडे चालत नाही. टेक्ससमध्ये दुकानाच्या दारावर 30.07 ची (त्या कायद्याच्या कलमाचा नंबर) पाटी असेल, इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये मोठ्या अक्षरात, तर उघडी गन घेऊन आत जायचं नाही. पाटी नसली आणि मालकाने तोंडी सांगितलं तरी निघायचं, वाद घालत थांबलात तर ट्रेसपास, म्हणजे घुसखोरीचा गुन्हा होतो. ज्या बारची निम्म्याहून जास्त कमाई दारूवर आहे तिथे 51 टक्क्यांची लाल पाटी असते, तिथे तर नावच नको. आणि शाळा! फेडरल कायद्याने शाळेच्या आवारापासून 1000 फुटांच्या आत गन घेऊन फिरायला बंदी आहे, त्यातून सूट त्या राज्याचं लायसन्स असलेल्याला आहे, म्हणजे लायसन्स लागत नाही म्हणून ज्याने काढलंच नाही तो सबर्बमध्ये फुटपाथवरून चालता चालता फेडरल गुन्हा करून बसू शकतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सक्ती नसली तरी लायसन्स काढा, क्लासमध्ये शिकायलाही मिळतं.

आता मुख्य विषय, पोलीस समोर आला.

सुरुवातीला एकच गोष्ट, हात. हात दिसले पाहिजेत, रिकामे, आणि गनपासून लांब. गन दाखवायला, काढून द्यायला, होल्स्टर नीट करायला म्हणून कधीही हात तिकडे न्यायचा नाही. त्याने सांगितलं की गन काढून दे तरी आधी विचारा की तुम्हीच काढून घेता का, कारण तुमचा हात खाली जाताना त्याला फक्त हात दिसतो, मनातलं दिसत नाही. फिलँडो कॅस्टिल 2016 मध्ये मिनेसोटात ट्रॅफिक स्टॉपला थांबला, परमिट होतं, त्याने शांतपणे स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे फायरआर्म आहे आणि काही सेकंदांत ऑफिसरने त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या. ऑफिसर पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. कॅस्टिलचं काही चुकलं होतं असं मी अजिबात म्हणत नाही, पण आपल्या सावळ्या रंगाच्या मुलांना हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मग बघायचं की हा नुसता बोलायला आलाय का त्याने अडवलंय. शांत आवाजात विचारा, "ऑफिसर, ॲम आय फ्री टू गो?" हो म्हणाला तर निघा, भाषण देत बसू नका. नाही म्हणाला तर तुम्ही डिटेन झालात, आणि त्यासाठी त्याच्याकडे रीझनेबल सस्पिशन लागतं, म्हणजे गुन्हा झालाय किंवा होतोय असं वाटायला काहीतरी ठोस कारण, हे 1968 च्या टेरी खटल्यापासून चालत आलंय. जिथे ओपन कॅरी, म्हणजे गन उघडी लावून फिरणं, कायदेशीर आहे तिथे नुसती गन दिसली हे कारण पुरत नाही असं फोर्थ सर्किटने (सर्किट म्हणजे काही राज्यांचं मिळून असलेलं फेडरल अपील कोर्ट) 2013 मध्ये आणि सिक्स्थ सर्किटने 2015 मध्ये सांगितलंय, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, ओहायो, मिशिगनकडच्यांना याचा थेट आधार आहे. 2015 चा खटला ओहायोतल्या टोलेडोचा. एक माणूस घरच्यांबरोबर कुत्र्याला घेऊन फिरायला निघालेला, कमरेला गन, कोणीतरी 911 ला (इमर्जन्सी नंबर) फोन केला, पोलिसाने गन काढून घेतली, हातकड्या घालून गाडीत बसवलं. ही घटना 2010 ची, पोलिसाला यात कायद्याचं संरक्षण मिळणार नाही हे अपील कोर्टाने सांगेपर्यंत पाच वर्षं गेली. म्हणून सांगतो, पोलीस चुकतोय हे शंभर टक्के माहीत असलं तरी रस्त्यावर त्याला विरोध करायचा नाही, ओढाताण करायची नाही. तोंडाने नोंदवायचं आणि पुढचं वकिलावर सोडायचं.

तोंडाने काय नोंदवायचं तर झडतीचं. कायदेशीर अडवलं असेल आणि तुम्ही सशस्त्र व धोकादायक आहात असं वाटायला कारण असेल तर तो वरून चाचपू शकतो, गन तात्पुरती ताब्यात घेऊ शकतो, टेक्ससमध्ये लायसन्सवाल्याची घेतलेली गन अटक न करता सोडताना परत द्यावी लागते. पण खिसे, बॅग, डिकी हे वेगळं. त्याला म्हणायचं, "आय डू नॉट कन्सेंट टू एनी सर्च." एकदाच, मोठ्याने पण चिडून नाही. तरी त्याने झडती घेतली तर घेऊ द्या, तुम्ही नकार दिलाय एवढं पुढे कोर्टात कामाला येतं. आपल्या माणसांची खोड अशी की साहेब बघा ना, लपवायला काही नाहीये असं म्हणून आपणच डिकी उघडतो, ती खोड सोडा.

ओळखपत्राचं प्रत्येक राज्यात वेगळं आहे. 2004 च्या हीबेल निकालानुसार डिटेन केल्यावर नाव सांगायची सक्ती राज्य करू शकतं, नेव्हाडात ती आहे. टेक्ससमध्ये पायी चालताना, अटक झालेली नसताना, नाव सांगायला नकार दिला तर गुन्हा होत नाही, पण खोटं नाव सांगितलं तर होतो. मात्र लायसन्सवर गन लावली असेल आणि ऑफिसरने आयडी मागितला तर गनचं लायसन्ससुद्धा दाखवावं लागतं. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड कायम जवळ ठेवायचंय, हा फेडरल नियम आहे. मी तरी म्हणेन नावावरून अडून बसू नका, त्यात मिळत काही नाही.

नाव दिल्यावर मात्र गप्प. कुठे चाललायस, गन का घेतलीस, कोणावर राग आहे का, या कशालाही उत्तर द्यायची सक्ती नाही. पण नुसतं मुकं राहून चालत नाही, 2010 च्या बर्गहाइस निकालापासून गप्प राहायचा हक्क स्पष्ट बोलून घ्यावा लागतो. "आय वॉन्ट टू रिमेन सायलेंट अँड आय वॉन्ट अ लॉयर." इथे मेबी, आय थिंक वगैरे घालायचं नाही, 1994 च्या एका निकालात वकिलाबद्दल असंच अर्धवट बोललेलं कोर्टाने धरलं नव्हतं. हा हक्क व्हिसावाल्यालाही आहे, ग्रीन कार्डवाल्यालाही, फक्त सिटिझनचा नाही.

गाडीत असाल तर इंजिन बंद, आतला लाइट चालू, काच खाली, दोन्ही हात स्टीअरिंगवर. गन सीटवर उघडी टाकलेली नको, दिसत असेल तर टेक्ससमध्ये होल्स्टरमध्येच हवी. कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये गनच्या शेजारी ठेवायचे नाहीत, ही फार साधी आणि फार महत्त्वाची गोष्ट आहे. मिशिगनसारख्या राज्यात लपवलेली गन असेल तर आपणहून लगेच सांगावं लागतं, तेव्हा आधी हात दाखवा, मग परमिटपासून सुरुवात करा, कुठे आहे ते सांगा आणि पुढे काय करू असं विचारून थांबा. उतर म्हणाला तर उतरायचं, 1977 पासून पोलिसाला तो अधिकार आहे. पण दंडाच्या तिकिटाचं काम संपल्यावर नुसतं वास घेऊन ड्रग्ज शोधणारं कुत्रं मागवायला म्हणून थांबवून ठेवता येत नाही, 2015 चा रॉड्रिगेझ निकाल.

व्हिडिओ काढायचा हक्क आहे, टेक्सससाठी फिफ्थ सर्किटने तो 2017 मध्ये मान्य केलाय. पण कमरेला गन असताना खिशातून फोन काढायला जाऊ नका, बरोबरच्या माणसाला लांबून काढू द्या.

सुटल्यावर गाडीत बसून लगेच वेळ, जागा, बॅज नंबर, कोण काय बोललं ते लिहून काढा, फेसबुकवर टाकू नका, ते तुमच्याच विरुद्ध वापरतात. आणि केस झालीच आणि तुम्ही सिटिझन नसाल तर लवकर मिटेल म्हणून गिल्टी प्ली करायच्या, म्हणजे गुन्हा कबूल करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जाच, कारण गनच्या बहुतेक गुन्ह्यांत दोषी ठरलेला ग्रीन कार्डवालाही डिपोर्ट होऊ शकतो, आणि 2010 च्या पडिला निकालाप्रमाणे तुमच्या क्रिमिनल वकिलाने हा धोका प्लीच्या आधी सांगायलाच हवा. तो स्वतःहून बोलला नाही तर तुम्ही विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.