शून्य टाकून वॉर्निंग मिटवण्याआधी

सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगमध्ये नव्याने आलेल्या माणसाच्या वाट्याला पहिलं काम बरेचदा हेच येतं: बिल्डमध्ये कंपायलरने दिलेल्या वॉर्निंग्ज साफ करा. मलाही हेच मिळालं होतं. काम रटाळ वाटतं, पण मन लावून केलं तर कोडबेसमधलं एरर हँडलिंग कुठे कच्चं आहे ते लवकर कळतं. त्यातही अनइनिशियलाइज्ड (सुरुवातीची व्हॅल्यू न दिलेल्या) व्हेरिएबलच्या वॉर्निंग्ज सगळ्यात जास्त शिकवतात, आणि घाईत नेमक्या त्याच सगळ्यात आधी दडपल्या जातात. जिथे डिक्लेरेशन आहे तिथे शून्य टाकलं की कंपायलर गप्प.

सीमध्ये ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबलला सुरुवातीला शून्य मिळतं, फंक्शनच्या आतल्या साध्या लोकल व्हेरिएबलला काहीच मिळत नाही. स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, आधीच्या कॉलचं जे उरलंसुरलं असेल ते त्याच्या नशिबी. शिवाय अशी व्हॅल्यू वाचणं बहुतेक वेळा अनडिफाइन्ड बिहेविअर (परिणाम काय ते भाषेने न ठरवलेलं) ठरतं, म्हणजे ऑप्टिमायझरला, कोड वेगवान करणाऱ्या कंपायलरच्या भागाला, मोकळं रान. ऑप्टिमायझेशनशिवायचा डीबग बिल्ड सुरळीत चालतो आणि ऑप्टिमाइझ केलेला रिलीज बिल्ड आडवा होतो, याचं हे एक नेहमीचं कारण.

जीसीसी या सी कंपायलरच्या वॉर्निंगमध्ये 'मेबी' आहे का, ते आधी बघा. नसेल तर चूक जवळजवळ नक्की. असेल तर एखाद्या वाटेने व्हॅल्यू न भरताच वापरापर्यंत पोहोचता येतं, असा कंपायलरचा संशय आहे. हा संशय ऑप्टिमायझेशनच्या विश्लेषणातून येतो, त्यामुळे ओ-झिरोवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना, 'मेबी' सहसा दिसत नाही. ओ-टूवर, म्हणजे ते चालू ठेवून, बिल्ड करा. जमलं तर तोच कोड क्लँग या दुसऱ्या कंपायलरमधूनही काढा. कोणती कंडिशन खोटी ठरल्यावर व्हेरिएबल रिकामं राहतं, ते तो अनेकदा ओळीसकट सांगतो.

मग ती वाट स्वतः चालून बघायची. मला वारंवार भेटलेला नमुना असा: रिटर्न कोडचं व्हेरिएबल (ज्यात शून्य म्हणजे यश) फक्त लूपच्या आत भरलं जातं आणि शेवटी परत केलं जातं. यादी रिकामी असेल तर? लूप एकदाही फिरत नाही. इथे शून्य टाकणं म्हणजे 'रिकामी यादी हे यश आहे' असा निर्णय घेणं. तो बरोबर असेलही, पण तो कंपायलरला गप्प करण्याच्या नादात घ्यायचा निर्णय नाही.

फाइल डिस्क्रिप्टरच्या, म्हणजे उघड्या फाइलला सिस्टिमने दिलेल्या नंबरच्या, बाबतीत तर शून्य सरळ घातक. फाइल उघडण्याआधीच एरर आली, गोटूने उडी मारून फंक्शनच्या शेवटच्या क्लीनअपला गेलो, आणि तिथे शून्याहून लहान नसलेला डिस्क्रिप्टर बंद केला जातो. शून्य म्हणजे स्टँडर्ड इनपुट! ते बंद झालं की पुढे उघडलेल्या फाइलला किंवा सॉकेटला तोच नंबर मिळतो, आणि मग जो गोंधळ होतो त्याचा माग काढता काढता नाकी नऊ येतात. तिथे उणे एक हवं. युजर आयडीतही शून्य म्हणजे रूट, सगळे अधिकार असलेला युजर, हे विसरू नका.

खोट्या वॉर्निंग्जही येतात. एकाच कंडिशनखाली व्हॅल्यू भरली आणि पुढे त्याच कंडिशनखाली वापरली, तर ते नातं जीसीसीला नेहमीच ओळखता येत नाही. अशा वेळी दोन्ही भाग एकाच इफमध्ये आणता येतात का, ते मी आधी बघतो. बहुधा येतात, आणि वाचणाऱ्यालाही सोपं जातं.

'लिनक्स कर्नलनेच मेबीची वॉर्निंग बंद केली' हे तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. खरं आहे, खोट्या गजरांना कंटाळून २०२० मध्ये ती नेहमीच्या बिल्डमधून काढली. पण व्हेरिएबल स्वतःलाच असाइन करून वॉर्निंग दडपणारा जुना मॅक्रोही त्याच वर्षी कर्नलमधून हटवला गेला, कारण त्याआड खरे बग लपत होते. ही दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

वॉर्निंग न समजता केलेली सफाई किती महागात पडते, ते डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्युशनमधल्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीने दाखवलं. तिथे तक्रार कंपायलरची नव्हती, व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या टूलची होती. २००६ मध्ये ती मिटवण्यासाठी दोन ओळी काढल्या गेल्या, आणि त्यातली एक रँडम नंबर जनरेटरमध्ये खरी एन्ट्रॉपी (अंदाज न बांधता येणारा डेटा) मिसळणारी होती. उरला तो प्रोसेस आयडी, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे उघड झालं मे २००८ मध्ये. तोवर त्यातून बनलेल्या एन्क्रिप्शनच्या कीज बदलाव्या लागल्या.

क्लँगमध्ये आणि जीसीसी १२ पासून लोकल व्हेरिएबल आपोआप शून्याने भरण्याचा पर्याय आहे. तो जरूर वापरा. तो लावूनही जीसीसी वॉर्निंग देतच राहतो, हे त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं. पॅचच्या कमिट मेसेजमध्ये मात्र 'वॉर्निंग काढली' एवढंच लिहू नका. व्हेरिएबल कोणत्या वाटेने रिकामं राहत होतं आणि तिथे हीच व्हॅल्यू का, ते दोन ओळींत लिहा. रिव्ह्यू करणारा पहिल्यांदा तेच विचारणार आहे.