कुत्र्याचा ॲडिसन: या चुका टाळा

मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथींनी कॉर्टिसोल (ताण सोसायला लागणारे) आणि अल्डोस्टेरॉन (क्षार सांभाळणारे) ही हॉर्मोन्स बनवणे बंद केले, की कुत्र्याला ॲडिसनचा आजार होतो. औषध नेमाने दिले तर असा कुत्रा वर्षानुवर्षे छान जगतो. घात होतो तो बहुधा दोन गोष्टींनी: उशिरा निदान आणि मध्येच थांबवलेल्या गोळ्या.

उलट्या, जुलाब, अंगात त्राण नाही, थरथर. गोव्यात अशा वेळी आधी गोचीडताप आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण सलाइन-स्टेरॉइडने दोन दिवसांत उठणारा कुत्रा काही आठवड्यांनी पुन्हा आडवा होत असेल, तर रक्तातले सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. सोडियमला पोटॅशियमने भागून येणारे गुणोत्तर 27 च्या खाली गेले तर संशय घ्यायचा. व्हिपवर्म जंतांमुळेही असा रिपोर्ट येतो, म्हणून शी तपासावी. उलट काही ॲडिसनवाल्या कुत्र्यांत दोन्ही क्षार नॉर्मल असतात. खात्री एसीटीएच चाचणीनेच होते. एसीटीएच म्हणजे ॲड्रिनलला कॉर्टिसोल बनवायला लावणारे हॉर्मोन; त्याच्या इंजेक्शनच्या आधी आणि तासाभराने घेतलेले कॉर्टिसोल दोन्ही वेळा 2 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. चाचणीआधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊ नका, रक्त तपासणारे यंत्र त्यालाच कॉर्टिसोल समजते. स्टेरॉइड द्यावेच लागले तर डॉक्टर डेक्सामेथासोन देतात.

अशक्त दिसला म्हणून शहाळ्याचे पाणी पाजणे ही आपल्याकडची प्रेमापोटी होणारी चूक. अल्डोस्टेरॉन नसल्याने पोटॅशियम शरीरात आधीच साठलेले असते आणि शहाळ्यात तेच भरपूर. पोटॅशियम वाढले की हृदय मंदावते. डाव्या कोपराच्या मागे छातीवर हात ठेवून 15 सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. निपचित पडलेल्या कुत्र्याचे ठोके खरे तर जोरात धावायला हवेत; ते मिनिटाला 60 किंवा त्याहून कमी भरले तर तासभरही थांबू नका, थेट दवाखाना गाठा. तिथे शिरेतून सलाइन लागते.

रोजच्या औषधात सर्वाधिक गोंधळ फ्लूड्रोकॉर्टिसोनचा, म्हणजे अल्डोस्टेरॉनची जागा घेणाऱ्या गोळीचा. सुरुवातीचा डोस साधारण किलोमागे दिवसाला 0.02 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला 0.1 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, दोन वेळांत विभागून. माणसाला बहुधा एखादी गोळी पुरते, त्यामुळे फार्मसीवाला हमखास म्हणतो, ‘इतक्या नसतील हो.’ त्याच्या शब्दावर डोस कमी करू नका. बदल फक्त क्षारांच्या रिपोर्टवरून करायचा: सुरुवातीला दर आठवड्याला, स्थिर झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी.

फ्लूड्रोकॉर्टिसोन क्षार सांभाळते, प्रेडनिसोलोन कॉर्टिसोलची जागा घेते. एकाचा डोस वाढवून दुसऱ्याचे काम भागत नाही. प्रेडनिसोलोन किलोमागे दिवसाला 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम लागते. तहान, लघवी, भूक फार वाढली तर ते जास्त होतेय; डॉक्टरांना विचारून कमी करा, एकदम बंद मात्र नाही.

चवथीचे फटाके, नरकासुराची रात्र, लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया: अशा ताणाच्या दिवशी निरोगी शरीर कॉर्टिसोल आपसूक वाढवते, या कुत्र्याचे वाढवू शकत नाही. म्हणून प्रेडनिसोलोन त्या दिवशी दुप्पट करतात, आणि ते आवाज सुरू होण्याआधी पोटात जायला हवे. किती द्यायचे ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. चवथीत दुकाने बंद असतात, तेव्हा महिनाभराच्या गोळ्या घरात ठेवा. आणि गोळी उलटून पडली, कुत्रा मलूल दिसला, तर दुसरी भरवत बसू नका. त्याला इंजेक्शनच लागते.