फोनचा आवाज बसला? आधी जाळी बघा

आमच्या सोलापुरात यंत्रमागावर काम करणाऱ्यांचा फोन उघडला की स्पीकरच्या जाळीत सुताचे बारीक तंतू हमखास सापडतात. म्हणून स्पीकर बदलण्याआधी फोन उलटा धरून कोरड्या, मऊ ब्रशने जाळी झाडा. पिन अजिबात घालू नका, आतला पडदा फार नाजूक असतो. एकदा फाटला की गेलाच!

तरीही फरफरतंय? स्पीकर सुटा करून मल्टिमीटर, म्हणजे विजेला होणारा रोध ओहममध्ये मोजायचं यंत्र, लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ७ च्या आसपास दाखवतो. रीडिंगच नसेल तर आतली तारेची कॉइल तुटली.

नवा बसवताना कडेची फोमची पट्टी नीट चिकटवा. फट राहिली तर पडद्याच्या पुढची-मागची हवा एकमेकींना मारते आणि खर्ज जातो. मी दर वेळी फोनवर ढोलकीचा आवाज वाजवून बघतो. धुम भरीव आली, तरच फोन गिऱ्हाइकाच्या हातात देतो.