‘डिस्पेअर’ हा इंग्रजी शब्द कुठे आणि कसा वापरावा

माझ्या शिकवणीतल्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘पिकनिक इज कॅन्सल्ड. आय ॲम डिस्पेअर.’ सहल रद्द झाली, मी निराश झाले, असं तिला म्हणायचं होतं. तीन शब्दांच्या त्या वाक्यात चुका दोन.

पहिलं पाऊल अर्थाचं. लॅटिनमध्ये ‘स्पेरारे’ म्हणजे आशा धरणे आणि ‘देस्पेरारे’ म्हणजे आशा सोडणे. तोच शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आपली गफलत होते ती मराठीमुळे. सहल बुडाली तरी आपण निराश होतो, आणि सगळे मार्ग खुंटले तरी निराशच. इंग्रजी इथे फरक करतं. सहलीसाठी ‘डिसअपॉइंटेड’. सलग तीन हंगाम गेले, कर्ज डोक्यावर, माणसाने हातपाय गाळले, तिथे ‘डिस्पेअर’. शंका आली की मराठी वाक्यात ‘हिरमोड’ घालून पाहा. तो शोभला तर ‘डिस्पेअर’ लिहू नका.

दुसरं पाऊल रूपाचं, आणि बहुतेकजण इथेच अडतात. ‘निराश’ हे विशेषण; ‘डिस्पेअर’ मात्र नाम किंवा क्रियापद. म्हणून ‘आय ॲम डिस्पेअर’ चुकीचं, ‘आय ॲम इन डिस्पेअर’ बरोबर. क्रियापद म्हणून ‘डोन्ट डिस्पेअर’, म्हणजे धीर सोडू नका. कशाची आशा सोडली ते सांगायचं तर पुढे ‘ऑफ’ आणि क्रियापदाचं ‘इंग’वालं रूप: ‘दे डिस्पेअर्ड ऑफ फाइंडिंग हिम’, तो सापडेल ही आशा त्यांनी सोडली. त्याच मुलीला मी या रचनेचं वाक्य करायला सांगितलं. तिने आजोबांवर लिहिलं, ‘ही नेव्हर डिस्पेअर्ड ऑफ सीइंग वॉटर इन अवर वेल.’ आमच्या विहिरीला पाणी दिसेल ही आशा त्यांनी कधी सोडली नाही. मला त्यात एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

उच्चारात जोर दुसऱ्या भागावर, ‘स्पेअर’वर.

‘डेस्परेट’ त्याच मुळाचा, पण जपून वापरा. तो हातपाय गाळलेल्याचा शब्द नाही. वाट्टेल ते करायला निघालेल्याचा, कासावीस झालेल्याचा आहे. नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम डेस्परेट फॉर धिस जॉब’ लिहिलंत तर उत्सुकता नाही, अगतिकता दिसेल. तिथे ‘कीन’ लिहा.